निळ्या कागदावरचा अंगठा

कुणी माझ्या हातात माहितीपत्रक ठेवलं तर मी ते वाचत नाही. आधी त्यावरून अंगठा फिरवते, मग ते उजेडाकडे तिरपं धरते, मग घडीवर नख ओढून बघते. समोरचा माणूस बिचारा फ्लॅटमधल्या सोयी सांगत असतो आणि मी त्याला विचारते, "हे लॅमिनेशन कुठे करून घेतलंत?" माझी मुलगी म्हणते, आई, तुझ्याबरोबर बाहेर जायची लाज वाटते. वाटू दे. छापलेल्या कागदावर कोणता थर चढवायचा, चढवायचा की नाही आणि कशासाठी, या एका प्रश्नावर मी अख्खं आयुष्य काढलं, घर चालवलं आणि पुष्कळ लोकांशी भांडले. त्यातलं पहिलं भांडण इथे लिहून ठेवते. ते मी जिंकले याचा मला अजून आनंद आहे आणि या वयात तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

तेव्हा आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे तुळईएवढ्या रुंदीचं अंगण आणि त्यात आईनं लावलेला एकच कढीपत्ता, जो सगळ्या लाइनीला पुरायचा. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की लाइनीतल्या सगळ्या सायकली एकदम बाहेर पडत आणि मग इतकं शांत होई की पलीकडच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजता येत. बाबा कारखान्यात वॉर्निशच्या विभागात होते. लाकडी खोकी, पत्र्याचे डबे, त्यांना आतून-बाहेरून थर द्यायचा, म्हणजे आतल्या मालाला दमट हवा लागत नाही, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. घरी आले की त्यांच्या शर्टाला थिनरचा वास असे. मला तो आवडायचा. आमच्या घरातली एकही लाकडी वस्तू त्यांनी सोडली नव्हती. पाट, पोळपाटाची कड, रेडिओचं खोकं, बुद्धाच्या तसबिरीची चौकट, सगळं चकचकीत. नवीन थर दिला की घरात कुणी त्याला रात्रभर हात लावायचा नाही आणि सकाळी बाबा तीन गोष्टी करायचे. आधी नख ओढायचे, मग ओलं फडकं चोळायचे आणि मग त्यावर गरम चहाचा कप ठेवून शांतपणे चहा प्यायचे. कपाची गोल खूण उठली नाही तर काम पास.

आई भंडाऱ्याकडची, बाबाही तिकडचेच. पुण्यात येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली तरी तिच्या बोलण्याला पुणं लागलं नव्हतं आणि तिला ते लावून घ्यायचंही नव्हतं. वाण्याच्या दुकानात लोक हसायचे, तर ही त्यांच्याकडे बघून आणखी मोठ्यानं "काहून बापा, दे ना लवकर" म्हणायची. रविवारी ती पाटोडीचा रस्सा करायची. बेसन शिजवून ताटात थापायचं, वड्या कापायच्या आणि खोबरं, लसूण, खसखस भाजून केलेल्या झणझणीत रश्शात सोडायच्या. वर तेलाचा लाल थर बोटभर आला नाही तर तिला रस्सा झाला असं वाटायचंच नाही. तो रस्सा हातानं खायचा. खाऊन हात कितीही धुतले तरी बोटांच्या पेरांत संध्याकाळपर्यंत पिवळा रंग राही. सोमवारी कॉलेजात मी तो हात पुस्तकाखाली लपवायची. आज आठवलं की माझाच मला राग येतो.

पदवी झाल्यावर मी कारकुनीच्या परीक्षेला बसावं असं बाबांचं म्हणणं होतं. सरकारी नोकरी म्हणजे डोक्यावर छप्पर. पण मला छापखान्यात काम मिळालं होतं, मुद्रितं तपासायचं, आणि मी हट्टाला पेटले. शेवटी बाबांनी एक वर्ष दिलं. "वर्षभर करून पाय. तिथं तुह्या शब्दाले किंमत आली तं राहा. नाही आली तं फॉर्म भर," ते म्हणाले. ते वर्ष सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट आहे, आणि तोवर त्या छापखान्यात माझ्या शब्दाची किंमत म्हणजे ऱ्हस्व-दीर्घापुरती होती.

छापखाना कसबा पेठेत. सायकलनं शिवाजीनगरवरून नदी ओलांडली की रस्ते बारीक होत जायचे आणि तांब्याच्या भांड्यांवर पडणारे हातोडे ऐकू आले की समजायचं, आता उतरून सायकल हातात धरून चालायचं. तळमजल्यावर मशीन, वर पोटमाळ्यावर कागद आणि दाराशी अप्पांचं टेबल. अप्पा म्हणजे मालक. साठीचे, किडकिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. कानाला दोरा बांधलेला चष्मा. ते कुणावर ओरडत नसत. त्यांना गरजच पडत नसे. उशिरा आलेल्याला ते म्हणत, "या. आम्हाला वाटलं, आज आपल्याकडे सुट्टी असावी." मला ते पहिल्या दिवसापासून 'मेश्रामबाई' म्हणत आणि अहोजाहो करत. पण त्या अहोजाहोत आदर किती आणि अंतर किती, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. शाई किती घट्ट हवी, चार रंग एकमेकांवर नेमके कसे बसवायचे, कागदाच्या तंतूंचा उभा-आडवा पदर कसा ओळखायचा, हे सगळं मात्र मला त्यांनीच शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. मशीनवर बबनराव. ते बोलायचे कमी आणि ऐकायचे सगळं.

त्या छापखान्यात एक रीत होती. नवं काम मशीनवरून उतरलं की पहिला चांगला कागद अप्पांच्या टेबलावर यायचा. त्याच्या कोपऱ्याला पाण्यात कालवलेल्या कुंकवाचं बोट लागायचं, बबनराव पेढ्यांचा पुडा सोडायचे, सगळे एकेक पेढा खायचे आणि तो कागद भिंतीवरच्या लांब खिळ्यात टोचला जायचा. मी लागले त्याच आठवड्यात अप्पा मला म्हणाले, "मेश्रामबाई, आता घरात मुलीचा हात आहे, तर कुंकू तुम्हीच लावा."

"मी लावत नाही, अप्पा. आमच्यात नाही."

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं. पण पेढा तरी आपल्यात आहे ना?"

"पेढा खाईन," मी म्हटलं, आणि खाल्ला. पुढे वर्षभर कुंकू अप्पा लावायचे आणि पेढा मी खायची. ती वाटणी आम्हा दोघांनाही मान्य होती.

त्या दिवसांत शहरात जो तो कॉम्प्युटर शिकत होता. भिंती कॉम्प्युटर क्लासच्या जाहिरातींनी भरल्या होत्या, आणि जे छापखाने पूर्वी लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं छापायचे तिथे आता टाय लावलेली मुलं यायला लागली होती. तसाच एक मॅनेजर आमच्याकडे आला. नगर रस्त्याला त्यांच्या कॉम्प्युटर कंपनीचं नवं ऑफिस उघडणार होतं. उद्घाटनाला परदेशातले पाहुणे, गावातले उद्योजक, सगळे येणार. प्रत्येकाच्या हातात एक फोल्डर द्यायचं, त्यात कंपनीची माहिती. फोल्डर बाहेरून पूर्ण गडद निळं, त्यावर कोपऱ्यात बारीक पांढरं नाव. त्यानं बॅगेतून अमेरिकेचं एक फोल्डर काढून टेबलावर ठेवलं. तेही गडद होतं आणि वर मॅट लॅमिनेशन, म्हणजे अजिबात न चमकणारा, हाताला मऊ लागणारा प्लॅस्टिकचा पापुद्रा. तोवर आम्ही कॅलेंडरांना आणि पुस्तकांच्या कव्हरांना चकचकीत ग्लॉस लावायचो. मॅट आम्ही कुणी वापरलेलं नव्हतं.

"सर, हा फील बघा ना," मॅनेजर म्हणाला. "ग्लॉसी नको हां, प्लीज. ग्लॉसी म्हणजे एकदम मिठाईचा बॉक्स वाटतो. आपली इमेज इंटरनॅशनल आहे."

अप्पांनी फोल्डरवरून हात फिरवला. त्यांना ते मनापासून आवडलं हे मला दिसलं. "होऊन जाईल," ते म्हणाले.

काम छापून झालं. निळा रंग बबनरावांनी असा जमवला होता की बघत राहावं. लॅमिनेशन आमच्याकडे होत नसे, ते दोन गल्ल्या सोडून एकाकडे. त्यानं आमच्याच छापील कागदाचे तीन तुकडे नमुना म्हणून करून दिले, एकावर नुसतं वॉर्निश, एकावर मॅट, एकावर ग्लॉस. जॉबकार्डावर लॅमिनेशनचा प्रकार लिहून खाली सही करायची जबाबदारी अप्पांनी त्या वर्षात माझ्याकडे दिली होती, आणि त्या सहीशिवाय दाराबाहेर एक कागद जायचा नाही हा त्यांचाच नियम होता. कामाची गर्दी असायची म्हणून हे लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, त्यात मानाचं काही नव्हतं. पण मी ते मान म्हणून घेतलं होतं.

तीन तुकडे मी पिशवीत घालून घरी नेले. बाबांना दाखवायचे होते, दुसरं काही मनात नव्हतं. रविवार होता, छापखाना अर्धा दिवस. घरात पाटोडी. बाबांनी तुकडे ओट्यावर मांडले आणि तोंडातला घास संपायच्या आत नख ओढलं. वॉर्निशवर पांढरी रेघ उमटली. ओलं फडकं फिरवलं तर फडक्याला निळं लागलं. "हा बाद," ते म्हणाले. मग आईनं मॅटचा तुकडा उचलला. हात तसाच, रश्शाचा.

"आई, अगं हात!"

"काय झालं वं? हात लावल्याबिगर समजते का?" तिनं तो उलटापालटा केला, छान मऊ आहे म्हणाली आणि खाली ठेवला. त्यावर तिची पाचही बोटं उमटली होती, काळपट, तेलकट, रेघारेघांसकट. मी फडक्यानं पुसलं. डाग गेला नाही, पसरला. साबण लावला तर तेवढा भाग चमकायला लागला आणि जास्तच दिसायला लागला. मग आईनं तोच हात ग्लॉसच्या तुकड्याला लावला, पदरानं पुसला आणि तो तुकडा पहिल्यासारखा स्वच्छ झाला. बाबांनी त्यावर चहाचा कप ठेवला, घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. घडीवर रंग उडाला नाही.

"दिसायसाठी लावून राहिले का टिकायसाठी?" त्यांनी मला विचारलं. ते हे प्रत्येक वस्तूबद्दल विचारायचे.

"दिसायसाठी," मी म्हटलं.

"मंग इचार त्याईले, कोणाच्या हातात गेल्यावर दिसाले पायजे? कपाटात ठेवाचं आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते दोन तुकडे अप्पांच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. अप्पांनी तुकडे हातात घेतले नाहीत. पेनच्या टोकानं सरकवून पाहिले.

"हे डाग कसले?"

"तेलाचे. रश्शाचे. घरी हाताळून पाहिलं."

"घरी म्हणजे तुमच्या घरी."

"हो."

"मग बरोबर आहे." अप्पांनी पेन बंद केलं. "मेश्रामबाई, तुमच्या घरच्या हातांवरून आमच्या गिऱ्हाइकाचं माप काढू नका. ती कॉम्प्युटरची माणसं आहेत. वस्तूला हात लावायच्या आधी हात धुतात."

ते आवाज न चढवता म्हणाले. ते कुठलंही वाक्य असंच म्हणायचे, म्हणून क्षणभर मला वाटलं की ही नेहमीची चेष्टा असेल. मग मी बबनरावांकडे पाहिलं. ते शाईचा डबा उगाच ढवळत होते आणि मान वर करत नव्हते. तेव्हा मला कळलं की मी ऐकलं ते तसंच होतं. माझी आई जेवायला बसायच्या आधी कोपरापर्यंत हात धुते, हे मी सांगू शकले असते. पण ते सांगायचं म्हणजे त्यांनी मागितलेला पुरावा द्यायचा, आणि मी तो का द्यावा? मी ड्रॉवर उघडला, जॉबकार्ड काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"या कार्डावर मॅट लिहून मी सही करणार नाही."

"सही तुमची चालते, कारण ती मी चालवतो."

"नियम तुमचाच आहे. सहीशिवाय माल बाहेर नाही. नियम बदला, मग माल न्या."

अप्पांनी कार्ड स्वतःकडे ओढलं. स्वतःचा नियम मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते मला माहीत होतं. "ठीक," ते म्हणाले. "उद्या बाराला साहेब येतायत. मॅट लावलेलं एक फोल्डर तयार करून त्यांच्यासमोर ठेवू. त्यांनी पास केलं की आपण मुकाट्यानं सही करायची. नसेल करायची तर सायकल घ्यायची, आणि परवापासून यायची तसदी घ्यायची नाही."

लोक मला अजून सांगतात, अप्पा फार भला माणूस होता. होता. माझ्या हातात जे काही काम आहे ते त्याचंच आहे. भला होता म्हणून ते वाक्य मला कमी लागलं नाही, उलट जास्त लागलं. वाईट माणसाचं बोलणं मी गल्लीतच टाकून घरी गेले असते.

घरी मी काही सांगणार नव्हते, पण आईला तोंड वाचता यायचं. सांगितलं. आई म्हणाली, "मी येऊन त्याले माह्ये हात दाखवू का?" आणि खरंच उठली. तिला बसवावं लागलं. बाबा बाहेर अंगणात गेले, कढीपत्त्यापाशी उभे राहिले आणि पुष्कळ वेळानं आत आले.

"इकडं यायच्या आधी मी तिकडं एका फर्निचरच्या दुकानात पॉलिश मारत होतो," ते म्हणाले. "टेबल मी घासाचं, रंग मी लावाचा, आरशावाणी करून ठेवाचं. अन् गिऱ्हाईक आलं का मालक म्हणे, बाजूले हो, हात लावू नको. तीन वर्षं मी बाजूले झालो. तू नको होऊ." एवढं बोलून त्यांनी रेडिओ लावला. हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही पुन्हा काढलं नाही.

भाकरी थापता थापता आईनं मधेच विचारलं, "त्या कंपनीत उद्घाटनाले लोकाईले खायाले काय देतेत?"

"मला काय माहीत?"

"पूजा ठेवली असंल तं शिरा देतीन," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

सकाळपासून मी रागात तळमळत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बाराला मॅनेजर आला. मॅट लावलेलं, कापून घडी घातलेलं फोल्डर अप्पांनी टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. दिसायला ते देखणंच होतं, खोटं का बोलू. गडद, शांत, कुठे चमक नाही. "वॉव," मॅनेजर म्हणाला. अप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी ग्लॉसचं एक फोल्डर करून घेतलं होतं, ते पाठीमागे धरून भिंतीला टेकून उभी राहिले आणि गप्प बसले. मला फक्त वाट बघायची होती. कारण त्या छापखान्यात रीत होती, आणि रीत अप्पा चुकवणार नव्हते.

एरवी कुंकू लागायचं ते कच्च्या छापील कागदाला. या वेळी अप्पांनी ती रीत साहेबांसाठी राखून ठेवली होती, म्हणून पहिली वस्तू म्हणून तयार फोल्डरच समोर होतं. अप्पांनी वाटीत बोट बुडवलं आणि निळ्या कोपऱ्यावर टेकवलं. बबनरावांनी पुडा सोडला. पेढे ताजे होते, कागदाला तूप सुटलेलं. मॅनेजरनं पेढा तोंडात टाकला, अप्पांनी टाकला, बबनरावांनी टाकला. बबनरावांनी पुडा माझ्यापुढे धरला.

"माझा राहू दे. नंतर घेते," मी म्हटलं.

अप्पांनी फोल्डर उचलून दोन्ही हातांनी मॅनेजरला दिलं. मॅनेजरनं ते उघडलं, मिटलं, पाठ बघितली, पुन्हा अप्पांना दिलं. अप्पांनी ते खिळ्याकडे न्यायला घेतलं तेव्हा मी पुढे झाले.

"एक मिनिट, अप्पा. ते जरा दारातल्या उजेडात धरा ना."

त्यांनी धरलं. आता जे दिसत होतं ते बघायला कुणाला चष्मा लागत नव्हता. समोर मधोमध अप्पांचा अंगठा, ठसठशीत. खाली मॅनेजरची चार बोटं. कोपऱ्यातलं कुंकू ओघळून लाल ढग झाला होता आणि त्याचा एक फराटा मॅनेजरच्या पांढऱ्या कफवर गेला होता. मॅनेजरनं रुमालानं फोल्डर पुसायला घेतलं आणि चार बोटांचा एक मोठा डाग केला.

"ओह नो," तो म्हणाला. "हे... हे पुसलं जात नाही?"

"नाही जात. साहेब, उद्घाटनाला पूजा आहे का?"

"ऑफ कोर्स. सत्यनारायण ठेवलाय ना. एमडींच्या मिसेस फार पर्टिक्युलर आहेत."

"म्हणजे शिऱ्याचा प्रसाद. साजूक तुपातला."

मॅनेजरच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला स्पष्ट दिसलं. एका हातात निळं फोल्डर, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर शिरा, आणि फोल्डर उघडायला तर दोन हात लागतात. परदेशातल्या पाहुण्यांचे हातही त्यात आलेच. ज्या पूजेला मी जन्मात कधी बसले नाही, तिच्या प्रसादाची आठवण त्या अख्ख्या खोलीत फक्त मला होती, आणि तीही माझ्या आईमुळे.

"मग प्रसाद शेवटी देऊ," मॅनेजर म्हणाला.

"प्रसाद शेवटी दिला तर पेढे आधी येतील. ते नाही तर कुंकू. आपल्याकडे कोरड्या हातानं काही सुरू होतं का, साहेब?" मी पाठीमागचं ग्लॉसचं फोल्डर टेबलावर ठेवलं. "अप्पा, यालाही कुंकू लावा. आणि सगळ्यांनी हात लावा, आहेत तसे."

अप्पांनी लावलं. तिघांनीही हात लावले. मी ओढणीच्या टोकानं एकदा पुसलं आणि फोल्डर उजेडात धरलं. निळा रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ होता. "मिठाईचा खोका चकचकीत असतो, साहेब, तो मिठाईच्या हातांसाठीच असतो. बाहेरून ग्लॉस करू. आतून काहीच लावायचं नाही, साधा कागद ठेवायचा, म्हणजे तुमच्या पाहुण्यांना पेननं नंबर लिहून घेता येईल. तुम्ही इथे ठेवून गेलेल्या अमेरिकेच्या फोल्डरला आतूनही पापुद्रा आहे, लिहून बघा, शाई धरत नाही."

मॅनेजरनं खिशातून पेन काढलं, अमेरिकेच्या फोल्डरवर स्वतःचं नाव लिहायचा प्रयत्न केला आणि अंगठ्यानं ते फरफटलं. तो हसला. "ओके मॅडम, डन. ग्लॉसी. पण माझ्या कफचं काय?"

"थंड पाणी. गरम लावू नका," मी म्हटलं.

तो गेला. मी जॉबकार्डावर 'बाहेरून ग्लॉस, आतून काही नाही' असं लिहिलं आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली. एरवी मी नुसती आद्याक्षरं करायची. अप्पांनी ते मॅटचं फोल्डर चुरगळून टोपलीत टाकायला उचललं, तर मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि खिळ्यात टोचलं. "पहिला कागद आहे," मी म्हटलं. "रीत आहे आपली." पुढे छापखाना बंद झाला तेव्हा खिळ्यावरचा तो सगळा गठ्ठा अप्पांच्या मुलाकडून मी मागून आणला. ते फोल्डर आज माझ्या कपाटात आहे. कुंकू विटलं, पण अंगठा होता तसा आहे. हा हात कुठल्या घरचा, हे ते बघून कुणी सांगून दाखवावं.

पण त्या दुपारचं एवढ्यावर संपलं नाही. मशीन बंद होतं. बाहेरच्या गल्लीतले हातोडेही जेवणासाठी थांबले होते. अप्पा टेबलाशी उभेच होते. कालच्या वाक्याबद्दल ते काही बोलतील म्हणून मी थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पेढ्यांच्या पुड्यातला उरलेला एक पेढा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या, मेश्रामबाई. तुमचा राहिलाय."

मी पेढ्याकडे पाहिलं. अप्पांच्या बोटाला कुंकू होतं आणि अंगठ्याला तूप. माझं वर्ष, बाबांचा फॉर्म, सगळं डोळ्यांपुढे आलं. घशाशी आलेलं आत ढकलायची सवय मला होती. त्या दिवशी मी ते ढकललं नाही.

"आधी हात धुऊन या," मी म्हटलं.

बबनरावांनी मान वर केली. अप्पांनी पेढा परत कागदावर ठेवला आणि ते मागच्या मोरीत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू होता. ते बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत ओले होते, आणि जेवायला बसण्याआधी मुलं आईला दाखवतात तसे त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

मी तळवे नीट बघितले. मग पेढा घेतला.